भाऊ दोषी ठरला, गुरुवारी शिक्षेवर सुनावणी आहे: व्यसनाचं कोर्टात सांगावं की नको?

निळीशाई

इथे बरेच जण कायद्यातले आहेत म्हणून लिहितेय. लांबण लागेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

माझा धाकटा भाऊ गेल्या शुक्रवारी सत्र न्यायालयात दोषी ठरला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९(४), जबरी चोरी, आणि त्याला जोडून ३११, म्हणजे प्राणघातक हत्यार वापरून केलेली. ऑगस्ट २०२४ मधली घटना आहे. रात्री पावणेदहाला तो आणि आणखी दोघं एका मेडिकलमध्ये शिरले. एक बाहेर गाडी चालू ठेवून, एक दारात. कोयता माझ्या भावाच्या हातात होता. तो त्याने काउंटरवर ठेवला आणि गल्ला उघडायला सांगितलं. सहा हजार दोनशे रुपये आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन पळाले. तिसऱ्या दिवशी पकडले गेले. तेव्हापासून तो आतच आहे, जामीन झालाच नाही. दुकानदारकाकांचा हात पिरगळला म्हणून पोलिसांनी ३०९(६) पण लावलं होतं, ते कोर्टात शाबीत झालं नाही. बाकी सगळं झालं. सीसीटीव्ही होता, काकांनी ओळखलं, कोयता जप्त झाला. निकालाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्याने केलं होतं, मला तो पकडला गेला त्याच दिवशी माहीत होतं.

तेव्हा तो साडेएकोणीस वर्षांचा होता. आज वीस पूर्ण आहे, एकवीस पूर्ण व्हायला तेवीस दिवस आहेत.

आता व्यसनाचं. नववीत असताना खोकल्याच्या औषधापासून सुरुवात झाली. देणारा आमच्याच चाळीतला मोठा मुलगा होता, भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा. मग गोळ्या. बारावी अर्धवट सुटली त्या वर्षी एमडी, म्हणजे मेफेड्रोन. मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, नोंदी ठेवायची सवय हाडात भिनलेली. २०२१ पासून एक वही केली. कुठल्या दिवशी घरातून काय गेलं, तो किती तास झोपला, कधी बोलला, कधी भिंतीवर डोकं आपटलं. आईची बोरमाळ, माझा जुना मोबाईल, गॅसचं सिलिंडर. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. पहिल्यांदा अकराव्या दिवशी पळून आला. दुसऱ्यांदा पूर्ण मुदत राहिला, चार महिने चांगला होता, मग पुन्हा.

वकील म्हणतात, व्यसनाचा विषय काढूच नका. न्यायाधीशांना वाटेल हा सुटला की पुन्हा तेच करणार, किमान सात आहेत त्याची दहा वर्षं होतील. वय सांगा, पहिलाच गुन्हा सांगा, विधवा आई सांगा आणि थांबा. दुसरीकडे ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं की कायद्यात व्यसनी माणसाला सूट आहे, केंद्रात जायची तयारी दाखवली की शिक्षा होत नाही.

मला सूट नकोय. खरंच नकोय. त्या काकांच्या दुकानावरून मला रोज जावं लागतं, तीन महिने मी लांबचा रस्ता धरला होता. पण माझ्या भावाचं सगळं आयुष्य चौदाव्या वर्षापासून ज्या एका गोष्टीभोवती फिरलं, तीच सोडून कोर्टात बाकी सगळं सांगायचं, हे मला जमत नाहीये. ते खोटं वाटतं. आणि खरं सांगून त्याची तीन वर्षं मी वाढवली, असं होण्याचीही भीती आहे.

वही न्यायची का? कुणाला दाखवायची? काय बोलायचं?

फौजदारी_बाजू

ताई, तुमच्या वकिलांचा मान ठेवून लिहितो. खटला त्यांनी चालवलाय, कागद त्यांच्यासमोर आहेत, त्यामुळे हे सगळं त्यांच्यासमोर ठेवा, त्यांना वगळून काही करू नका.

आधी ओळखीच्या गृहस्थांचं. ते म्हणतात ती सूट एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या कलम ६४अ मध्ये आहे. स्वतः सेवन केलं किंवा अल्प प्रमाणात माल सापडला, अशा आरोपापुरतीच ती आहे. जबरी चोरीला लागू नाही. तो मुद्दा डोक्यातून काढून टाका. नशेत होता म्हणून गुन्हा नाही, हेही चालत नाही. संहितेची कलमं २३ आणि २४ वाचलीत तर कळेल, स्वतःच्या मर्जीने केलेली नशा बचाव होत नाही. आणि तलफ आली होती ही तर नशाही नव्हे.

आता ३११. हे जुन्या भारतीय दंड विधानातलं (भादंवि) ३९७. जबरी चोरी करताना प्राणघातक हत्यार वापरलं तर सात वर्षांपेक्षा कमी नाही. ‘पण त्याने मारलं कुठे, नुसता काउंटरवर ठेवला’ हा युक्तिवाद घरच्या लोकांना फार जवळचा वाटतो, पण तो १९७५ सालीच संपला. फूल कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समोरच्याला दिसेल आणि धाक बसेल असं हत्यार बाळगणं म्हणजेच वापरणं. बाकीच्या दोघांना ३११ का लागलं नाही असं मनात आलं असेल, तर त्याचंही उत्तर आहे. हे कलम ज्याच्या हातात हत्यार होतं त्याच्यापुरतंच. २०२१ च्या गणेशन निकालात ते पुन्हा स्पष्ट झालं.

म्हणजे न्यायाधीशांच्या हातात काय उरतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तुरुंगवास द्यायचा तर सातच्या खाली येता येत नाही. वर दहापर्यंत जाता येतं. वय लहान म्हणून पाच, आई विधवा म्हणून चार, अशी मधली पायरीच नाही. दुसरी वाट एकच, १९५८ चा परिवीक्षा कायदा, म्हणजे तुरुंगात न पाठवता अटींवर, देखरेखीखाली सोडणं. लोकांना वाटतं किमान शिक्षा आहे तिथे परिवीक्षा नाही. पण लखवीर सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा जानेवारी २०२१ चा निकाल नेमका ३९७ वरच आहे. किमान सात वर्षं लिहिलेली असली तरी परिवीक्षेचा लाभ देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आणि दिलाही. खोटी आशा लावायची नाही म्हणून पुढचंही सांगतो. त्या मुलांची निम्मी शिक्षा भोगून झाली होती आणि फिर्यादीशी समेट झाला होता. तुमच्या भावाने दीड वर्ष काढलंय. शिवाय सरकारी वकील म्हणू शकतात की परिवीक्षा कायदा १९५८ चा, न्याय संहिता २०२३ ची, मग नंतरच्या कायद्यातली किमान शिक्षा वरचढ. तुमच्या वकिलांनी याचं उत्तर तयार ठेवायला हवं: कलमाची भाषा जुनीच आहे, आणि परिवीक्षा वगळायची असती तर संसदेने तसं लिहिलं असतं.

३०९(६) शाबीत झालं नाही याचं मोल तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्या कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि जिथे जन्मठेप होऊ शकते तिथे परिवीक्षेचं दारच बंद असतं. ते दार आज उघडं आहे.

आणि तेवीस दिवस! परिवीक्षा कायद्याचं कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांसाठी आहे. त्यात न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचाच असतो, आणि तुरुंगातच पाठवायचं ठरलं तर कारणं लिहावी लागतात. वय कुठल्या दिवशीचं धरायचं? गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, कोर्टाने दोषी ठरवलं त्या दिवशीचं. रामजी मिस्सर, १९६३. शुक्रवारी तो एकविसाच्या आत होता. जन्मदाखला आणि कलम ६ खालचा अर्ज उद्याच दाखल व्हायला हवा, गुरुवारची वाट पाहू नका.

व्यसनाबद्दल माझं मत तुमच्या वकिलांपेक्षा वेगळं आहे. सातचे दहा होतील ही भीती अगदीच निराधार नाही. पण दोनदा केंद्रात राहून आलेला मुलगा, चोरीत झोपेच्या गोळ्या नेलेल्या. न्यायाधीशांना ते आधीच दिसलंय. तुम्ही गप्प बसलात तर त्याचा अर्थ तेच लावतील.

ऑस्ट्रेलियातला एक निकाल माझ्या टेबलावर नेहमी असतो. न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने १९९९ मध्ये, हेन्री खटल्यात, सशस्त्र जबरी चोरीसाठी मार्गदर्शक शिक्षा ठरवून दिली. समोरचं चित्र जवळजवळ तुमचंच: तरुण पोरगा, चाकू, एकटा दुकानदार, थोडीशी रक्कम. पाच न्यायाधीशांपुढे तो प्रश्न होता. व्यसन हे स्वतःहून शिक्षा कमी करायचं कारण नाही, असं त्यांनी साफ म्हटलं. पण गुन्हा आखून केला की आवेगात, व्यसन निवड करण्याच्या वयात लागलं की त्याआधीच, सुधारण्याची शक्यता किती, हे जोखताना व्यसनाकडे बघायला हवं. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. विचार म्हणून मात्र अजून कुणी याहून नीट मांडलेला मी वाचलेला नाही. ‘चौदाव्या वर्षी, मोठ्या मुलाने दिलं’ हे तुमचं वाक्य मी युक्तिवादात पहिलं ठेवेन.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. पेट्रोल पंपावर रात्रीचा व्यवस्थापक होतो. २०१९ मध्ये दोघं आले, कोयता माझ्या मानेवर ठेवला. खरचटलंही नाही. त्यानंतर चौदा महिने मी पाठ दाराकडे करून बसू शकत नव्हतो. जेवतानासुद्धा. मुलगी मागून आली तरी मी दचकायचो आणि तिच्यावर ओरडायचो, ती तेव्हा सहा वर्षांची होती.

तो पोरगाही गर्दुल्ला होता. कोर्टात त्याच्या वकिलाने तेच सांगितलं, साहेब, आजारी आहे. मला तेव्हा उठून विचारावंसं वाटलं होतं की माझा भाऊ पण दारू पितो, वीस वर्षं पितोय, त्याने कुणाच्या मानेवर का नाही ठेवला? आजही मी त्याच मताचा आहे. गोळीची तलफ आली म्हणून कोयता आपोआप हातात येत नाही. कोयता कुठूनतरी आणावा लागतो, शर्टाखाली लपवावा लागतो, गाडीवाला ठरवावा लागतो. फौजदारी_बाजू साहेबांनी ‘आखून की आवेगात’ लिहिलंय, तर हे पण तोला. तीन जणांनी मिळून केलेलं आवेगात होत नाही.

ताई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही लांबचा रस्ता धरलात हे वाचून मी थोडा वेळ थांबलो, मग पुढे वाचलं. पण परिवीक्षा म्हणजे तो पुढच्या महिन्यात घरी. त्या मेडिकलवाल्याला हे कोण सांगणार आहे? माझ्या वेळी मला शिक्षेची तारीखच कुणी कळवली नाही. निकाल लागून सहा आठवड्यांनी पंपावरच्या एका पोराकडून कळलं. साक्ष द्यायला तीन वेळा बोलावलं, तीन दिवसांचा पगार गेला, आणि शिक्षा ठरवताना मी कुणीच नाही.

तुम्ही विचारलंत काय बोलायचं. त्या माणसाचं नाव घ्या. तुमच्या आईबद्दल दहा वाक्यं बोलणार असाल तर त्याच्याबद्दल दोन तरी बोला.

फौजदारी_बाजू

रात्रपाळी यांचं म्हणणं मला मान्य आहे, आखणीबद्दलचंसुद्धा. तीन जण आणि आणलेलं हत्यार, सरकारी वकील पहिल्या मिनिटाला हेच सांगतील.

भरपाईबद्दल लिहायचं राहिलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ३९५ खाली कोर्ट भरपाई देववू शकतं, आणि अंकुश गायकवाड प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की दर फौजदारी खटल्यात न्यायाधीशांनी निदान त्याचा विचार करायचाच असतो. परिवीक्षा कायद्यातही कलम ५ आहे, सोडतानाच भरपाई भरायला लावता येते. ताई, घरात जमेल तेवढी रक्कम तुम्ही आपणहून देऊ करा, पण कोर्टामार्फत. दुकानात जाऊन त्यांच्या हातात पैसे ठेवू नका. कितीही चांगल्या मनाने गेलात तरी आरोपीच्या घरचं माणूस दारात आलं की त्यांना ते दडपणच वाटणार.

निवृत्त_परिवीक्षा

मी एकतीस वर्षं परिवीक्षा अधिकारी होतो. अहवाल किती लिहिले याची मोजदाद नाही. एकच गोष्ट सांगतो, बाकी कायदा वकीलसाहेबांनी सांगितलाच आहे.

घरचे लोक आमच्यापासून लपवतात. मी दारात उभा राहिलो की घर आवरलेलं असतं, देवाजवळ दिवा असतो, आणि मुलगा ‘वाईट संगतीत सापडला होता, आता काही नाही’. असं मी हजारदा ऐकलं. मग मी कपाटाकडे बघायचो आणि विचारायचो, हे कुलूप कधी लावलं? त्या प्रश्नाची कुणी तयारी केलेली नसते. आई सांगून जाते, दोन वर्षं झाली. तिथून खरी गोष्ट सुरू होते.

निळीशाई, तुमच्याकडे वही आहे. माझ्या सगळ्या नोकरीत अशी वही मला एकदाही कुणी दाखवली नाही. ती वकिलामार्फत कोर्टात फेकू नका, तिथे ती उलटतपासणीचा कागद होईल. अहवाल मागवला गेला तर ती अधिकाऱ्यासमोर ठेवा. अहवाल गोपनीय असतो, आणि त्यात काय घ्यायचं ते तो अधिकारी ठरवतो.

पण वहीत मी काय शोधेन ते ऐका. चोऱ्या नाही. ते चार महिने शोधेन. दुसऱ्यांदा केंद्रातून आल्यावर तो चार महिने चांगला होता असं तुम्ही एका ओळीत उरकलंत. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. त्या चार महिन्यांत तो कधी उठायचा? काम करत होता का? पैसे कुणाच्या हातात असायचे? कुणाला भेटत नव्हता? आणि पाचव्या महिन्याच्या आधीच्या आठवड्यात काय झालं? कुणीतरी परत आलं असेल, काम सुटलं असेल, घरात भांडण झालं असेल. हे एकदा कळलं की न्यायाधीशांपुढे ‘साहेब, आता सुधारेल’ म्हणून हात जोडावे लागत नाहीत. यामुळे टिकला होता, यामुळे मोडला, या वेळी ती जागा आम्ही अशी बुजवली आहे, एवढं सांगता येतं.

दुसरं, आणि इथे बहुतेक कुटुंबं चुकतात. दीड वर्ष आत आहे, म्हणजे दीड वर्ष घेतलं नाही, म्हणजे सुटलं, असं कोर्टात म्हणू नका. बंद कोठडीतलं न घेणं हा पुरावा नव्हे. उलट शरीराची सवय मोडलेली असते, आणि बाहेर आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत जुनाच डोस घेतला तर माणूस जातो. अशी दोन मुलं मी बघितली. म्हणून बाहेर येण्याच्या दिवसापासूनचं लिहून न्या. तुरुंगाच्या दारातून थेट केंद्रात, घरी नाही. केंद्राचं प्रवेश देऊ असं पत्र. नंतर कुठे राहणार, जुन्या वस्तीत नसेल तर उत्तम. काम देणाऱ्याचं पत्र. जामीनदार कोण. लघवीच्या तपासण्या किती दिवसांनी. लोकांना माहीत नसतं, पण परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की देखरेखीच्या आदेशात मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट घालता येते. १९५८ मध्ये कायदा करणाऱ्यांनी तुमच्या भावासारख्या मुलाचा विचार केला होता. अट मोडली तर कोर्ट परत बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहील हे भावाला आधी समजलेलं असू द्या.

रात्रपाळी, तुमची तारीख तुम्हाला कळवली गेली नाही हे वाचून वाईट वाटलं. मी अहवालासाठी फिर्यादीकडेही जायचो. नियमात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, पण जायचो. एका किराणावाल्याने मला सांगितलं होतं, सोडा नाहीतर ठेवा, फक्त तो माझ्या गल्लीत नको. मी ते तसंच लिहिलं आणि न्यायाधीशांनी तशी अट घातली.

फक्त_आज

मी भादंवि ३९७ ची सात वर्षं काढून आलोय. गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

परिवीक्षावाल्या काकांनी पहिले दोन आठवडे लिहिलंय. मी नवव्या दिवशी घेतलं. आत जाण्याआधी जेवढी पावडर घ्यायचो तेवढीच. डोळे उघडले तेव्हा सरकारी दवाखाना होता. बाजूच्या खाटेवर माझ्यासोबत घेणारा होता, तो दुसऱ्या दिवशी गेला. आता मला न घेता पाच वर्षं आणि काही महिने झाले, व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो.

ताई, माझ्या वकिलाने पण व्यसनाचं सांगितलं नव्हतं. कोर्टाला वाटलं चांगल्या घरचा पोरगा पैशाच्या लोभाने गेला. आत मला कुणी उपचार दिले नाहीत कारण कागदावर मी व्यसनी नव्हतोच. पहिले नऊ दिवस टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, काढली ती कोपऱ्यात, उलट्या करत. सगळ्यांना वाटलं नाटक करतोय. म्हणून सांगतो, परिवीक्षा मिळो न मिळो, व्यसन कागदावर येऊ द्या. सात वर्षं झाली तरी शिक्षेच्या आदेशात तुरुंग अधीक्षकांना उपचाराचं लिहून घ्या. वकिलाला सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे त्रास मानसिक आजारातच धरलेत. मला हे सुटल्यावर कळलं.

अजून एक. माफ करा, पण लिहितो. न्यायाधीश त्यालाच विचारतील, तुला काही सांगायचंय का? तेव्हा त्याच्या तोंडून तुमची वाक्यं आली तर लगेच कळतं. माझ्या बहिणीने मला पाठ करून पाठवलं होतं, मी पोपटासारखं बोललो. मुलाखतीला जाल तेव्हा वही न्या आणि त्याला वाचून दाखवा. सगळी. सिलिंडरपण. मग त्याला काय बोलायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.

निळीशाई

गुरुवार झाला. दोन दिवस लिहायचं बळ नव्हतं.

वकिलांना इथलं सगळं छापून दिलं. आधी थोडे रागावले, मग लखवीर सिंगचा निकाल रात्रीत वाचून आले. अर्ज मंगळवारीच दाखल केला, जन्मदाखल्यासह.

बुधवारी मुलाखतीत वही वाचून दाखवली. वीस मिनिटं मिळतात, सगळी झाली नाही. जाळीच्या पलीकडून तो मान खाली घालून ऐकत होता. बोरमाळेची तारीख आली तेव्हा म्हणाला, ती मी नाही, ती आईनेच विकली होती माझ्या केंद्राच्या पैशांसाठी. मला चार वर्षं माहीत नव्हतं. घरी येऊन आईला विचारलं, तर खरं होतं.

चार महिन्यांचं मी शोधलं, काका. तो सकाळी साडेसहाला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये जात होता, पगार आईच्या हातात देत होता. पाचव्या महिन्याच्या आधी काय झालं ते वहीत नव्हतं, त्यानेच सांगितलं. वर्कशॉप दुसरीकडे हललं आणि त्याच आठवड्यात तो चाळीतला मुलगा परत राहायला आला. मला तो आल्याचं कळलंही नव्हतं.

सरकारी वकिलांनी तेच सांगितलं जे रात्रपाळी यांनी लिहिलं होतं, तिघांनी ठरवून केलं, कोयता आणलेला होता. आमच्या वकिलांनी ते नाकारलं नाही. चौदाव्या वर्षापासूनचं सांगितलं, केंद्राचं पत्र दिलं, वर्कशॉपवाल्यांचं पत्र दिलं, ते परत घ्यायला तयार आहेत आणि त्यांची नवी जागा आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर आहे. वीस हजार रुपये भरपाई कोर्टात भरायची तयारी लेखी दिली. माझी भिशी मोडतेय.

न्यायाधीशांनी भावाला विचारलं. तो फार थोडं बोलला. म्हणाला, काकांचे हात थरथरत होते ते मी बघितलं होतं आणि तरी थांबलो नाही. मग बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मला सोडलं तर मी घरी राहणार नाही. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाय. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. रात्रपाळी, ती तारीख दुकानदारकाकांना कळवावी असं आमच्याच वकिलांनी सरकारी वकिलांना सांगितलं, त्यांनी कळवतो म्हटलंय. कळवलं की नाही ते मी विचारत राहीन.

आई सात वर्षं धरून चालली आहे. मीही तशीच धरून चाललेय, पण आता झोप लागते.

शनिवारी अकरा वाजता अधिकारी घरी येणार आहेत. काका, एक विचारू? आई म्हणते कपाटाचं कुलूप त्या दिवसापुरतं काढून ठेवूया. काढू का?

निवृत्त_परिवीक्षा

काढू नका. काढलंत तरी कडीवरचे ओरखडे दिसतातच. बोरमाळेचं आईंनाच सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. आणि किल्ली इतकी वर्षं कुणाकडे असायची ते विचारतील, त्याचं उत्तर आठवून ठेवा.